उसाच्या रसाला तार का सुटते?

अष्टमीच्या घरी उसाचा रस तांब्यात विसरला, की कधीकधी दुसऱ्या दिवशी त्याला तार सुटते. आई म्हणते, "नासला." मी म्हणते, डेक्स्ट्रान झालं! ल्युकोनोस्टॉक हा जीवाणू पेशीबाहेर डेक्स्ट्रानसुक्रेज नावाचं विकर सोडतो. ते साखरेचा रेणू तोडतं, ग्लुकोज साखळीला जोडतं, फ्रुक्टोज मोकळं सोडतं. गंमत म्हणजे वेगळी ऊर्जा लागतच नाही. तुटलेल्या बंधातलीच पुरते.

तोड झालेला ऊस कारखान्याच्या दारात गाडीतच दोन-तीन दिवस तापला, की हेच होतं. रस चिकट होतो, गाळणं अडतं, साखरेचे दाणे लांबट येतात. शिवाय डेक्स्ट्रान साखरेपेक्षा प्रकाश जास्त उजवीकडे वळवतं, त्यामुळे पोलरीमीटर फसतो आणि कागदावर दिसलेली साखर पोत्यात भरत नाही.