पुनर्वसन: एक संज्ञा, अनेक क्षेत्रे

धरण, भूकंप किंवा आजार यांमुळे विस्कटलेले जीवन पुन्हा उभे करण्याच्या प्रक्रियेला पुनर्वसन म्हणतात. मात्र तिची व्याप्ती क्षेत्रागणिक बदलते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या नावातच पुनर्वसनाबरोबर 'पुनर्वसाहत', म्हणजे विस्थापितांना नव्या जागी वसवणे, ही संज्ञा येते, कारण घर मिळाले तरी उपजीविका सावरतेच असे नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सर्वाधिक हानी झालेली गावे नव्या ठिकाणी वसवली गेली, तर इतरत्र घरांची जागच्या जागी दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. वैद्यकशास्त्रात पक्षाघातानंतर फिजिओथेरपी व वाचोपचार यांद्वारे रुग्णाला दैनंदिन व्यवहारांत स्वावलंबी करणे म्हणजे पुनर्वसन. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या उपचारांना शेती, हस्तव्यवसाय आणि स्वकष्टाच्या प्रतिष्ठेची जोड मिळाली.

#पुनर्वसन #माहिती