खड्याची जागा: हुनर आणि हिशेब

खापरखेड्याची ओळख म्हणजे वीज केंद्राच्या चिमण्या आणि कोळसा. जडावाच्या कामातली रोजी इथल्या मुला-मुलींना दूरची वाटते. पण हे काम आता संगणकावरही चालते.

मुंबईच्या सीप्झमध्ये निर्यातीच्या दागिन्यांचे नमुने आधी पडद्यावर घडतात. त्यासाठी 'राइनो' हे एक प्रचलित सॉफ्टवेअर आहे. अंगठीवर शंभर बारीक खडे एकेक करून मांडणे वेळखाऊ, म्हणून राइनोतल्याच 'ग्रासहॉपर'मध्ये खडे मांडणारी साधने तयार करता येतात.

साधन पृष्ठभागावर बिंदू घेते, तिथला लंब काढते आणि त्या दिशेने खडा बसवते. खरी मेख आत आहे. अंगठी गोल असल्याने वर सुटे दिसणारे खडे खाली टोकांशी भिडू शकतात. म्हणून अंतर खालूनही तपासावे लागते. चूक पडद्यावर सापडली तर दुरुस्त होते. कारागिराच्या हाती सापडली तर खडा फुटू शकतो.

वजनाचा हिशेबही कळतो: १ मिलिमीटरचे सुमारे २०० हिरे म्हणजे १ कॅरट, अर्थात ०.२ ग्रॅम. दागिना घेतानाही सोन्याचे आणि खड्यांचे वजन बिलावर वेगळे मागावे.

शाळेतली भूमिती इथे कामी येते. मात्र संगणकाआधी काही दिवस जडाव कारागिराजवळ बसावे. खडा धरतो कसा, हे तिथेच कळते.