वार्धक्याची तरतूद

मंगलकार्याची तयारी कशी करावी हें आपल्या समाजांत कोणास शिकवावें लागत नाहीं. मुंज उन्हाळ्यांत व्हावयाची असली तर कार्यालय दिवाळीपूर्वींच ठरतें. आचारी, गुरुजी, आहेर, पंगतीचा बेत, मुक्कामास येणाऱ्या पाहुण्यांचीं अंथरुणें, या सर्वांच्या याद्या तयार होतात. हें कार्य एका दिवसाचें. परंतु ज्या वडीलधाऱ्यांच्या हातून अशीं अनेक कार्यें पार पडलीं, त्यांच्या आयुष्याचीं शेवटचीं दहापंधरा वर्षें कशीं जावींत याची यादी मात्र फारच थोड्या घरांत आढळेल. याचें कारण अनास्था नव्हे. आईवडिलांसमोर त्यांच्या परावलंबनाची गोष्ट काढणें आपणांस अभद्र वाटतें. मुलांस वाटतें, आपण हा विषय काढला तर इस्टेटीवर डोळा आहे असा ग्रह होईल. आईवडिलांस वाटतें, आपण तो काढला तर मुलांवर भार घातल्यासारखें होईल. दोन्ही पक्ष एकमेकांचीं मनें जपत स्वस्थ बसतात. मग एके रात्रीं न्हाणीघरांत पाय घसरतो, आणि सर्व निर्णय रुग्णालयाच्या व्हरांड्यांत, घाईघाईनें, ज्यांच्याविषयीं ते घ्यावयाचे त्यांनाच वगळून घेतले जातात. वडीलधाऱ्यांची बुद्धि शाबूत आहे तोंवरच, त्यांच्याशीं बोलून व त्यांच्या मताप्रमाणें, ही तरतूद झाली पाहिजे, एवढेंच या लेखाचें सांगणें आहे.

पूर्वींच्या एकत्र कुटुंबांत असल्या विचाराची गरज नसे, असें पुष्कळदां म्हटलें जातें. त्यांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच. वाड्यांत माणसें पुष्कळ असत आणि अंथरुणास खिळलेल्या आजोबांपाशीं कोणी ना कोणी असेच. हें ‘कोणी ना कोणी’ म्हणजे बहुधा घरांतील सून, नाहींतर माहेरीं परत आलेली विधवा आत्या. तें काम तिला विचारून तिच्याकडे सोंपविलेलें नसे. तें तिच्याकडे आपोआप येई. शिवाय काळही बदलला आहे. 1951 च्या सुमारास आपल्या देशांतील सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतें. आज तें सत्तरीच्या घरांत आहे. जुना आंकडा इतका खालीं असण्यास बालमृत्यु मोठ्या प्रमाणावर कारणीभूत होते हें खरें. तथापि ऐंशी-नव्वद वर्षांचीं माणसें आज जितक्या घरांत दिसतात तितकीं पूर्वीं दिसत नसत. 2011 च्या शिरगणतींत साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या 8.6 टक्के भरली. इकडे वाड्याच्या जागीं दोन खोल्यांचा फ्लॅट आला, आणि मुलें एक किंवा दोन, तींही बंगळुरास किंवा अमेरिकेंत.

म्हणून पहिलें काम बोलण्याचें. सणावारीं भावंडें एकत्र जमतात. सणाच्या दिवशीं नव्हे, पण दुसऱ्या दिवशीं, जेवणें आटोपल्यावर, हा विषय निवांतपणें निघूं शकतो. “तुम्हांला कोणाकडे ठेवावें?” असा प्रश्न विचारूं नये, त्यांत माणसाची वस्तु होते. “तुम्हांला कसें राहावयाचें आहे?” असें विचारावें. कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं, कोणत्या डॉक्टरांकडे, पैशाच्या व्यवहारांत कोणावर भिस्त ठेवून, हें त्यांच्याच तोंडून ऐकावें. यांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे दोघांपैकीं एकजण मागें राहिल्यास पुढें काय. आपल्याकडे पत्नी बहुधा वयानें लहान असते, म्हणून मागें राहण्याची पाळी पुष्कळदां तिच्यावरच येते. आणि बँकेचीं पुस्तकें, विम्याचे कागद, निवृत्तिवेतनाचे हुकूम कोठें आहेत हें तिलाच ठाऊक नसतें. नवरा हयात असतांनाच तिनें हे व्यवहार एकदां स्वतःच्या हातानें करून पाहिले पाहिजेत.

आतां कायद्याच्या दोन-तीन गोष्टी. 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीवरून साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारें 88 लक्ष माणसें, असा अंदाज निघाला. पुष्कळ घरांची समजूत अशी कीं, वडिलांनीं मुलाच्या नांवें मुखत्यारपत्र करून दिलें म्हणजे पुढची काळजी मिटली. परंतु 1872 च्या करार कायद्याप्रमाणें मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धि भ्रष्ट झाली कीं मुखत्यारी संपुष्टांत येते. ज्या प्रसंगासाठीं कागद केला, नेमक्या त्याच प्रसंगीं तो निरुपयोगी ठरतो, आणि पालक नेमून घेण्यासाठीं न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो. यास्तव दैनंदिन खर्चाचें बँकेंतील खातें वेळींच विश्वासाच्या व्यक्तीसह संयुक्त करून घ्यावें. मृत्युपत्रही मन सावध असतांनाच व्हावें. त्यास दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाहीं, पण केलेली बरी. आणि वय फार झालें असल्यास त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. ठेवीवर नामनिर्देशन केलें म्हणजे मृत्युपत्राचें काम झालें असें मात्र समजूं नये. नामनिर्देशित व्यक्ति बँकेकडून रक्कम स्वीकारते. तिची मालकी कोणाची हें वारसाहक्कानें किंवा मृत्युपत्रानें ठरतें.

दुसरी गोष्ट राहत्या घराची. प्रेमाच्या भरांत हयातींतच घर मुलाच्या नांवें करून देणारे आईवडील थोडे नाहींत. त्यांनीं 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा समजून घ्यावा. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानें सांभाळ केला नाहीं, तर त्या कायद्याच्या 23 व्या कलमान्वयें तें हस्तांतर रद्द करवून घेतां येतें. मात्र अशी अट असल्याचें दिसलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें 2022 सालीं स्पष्ट केलें. कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीनें उदारपणें लावावा असेंही त्याच न्यायालयानें 2025 सालीं सांगितलें. तेव्हां बक्षीसपत्र करावयाचेंच असेल तर ती अट शब्दांत लिहून घ्यावी. आणि घाई नसेल तर राहतें घर शेवटपर्यंत स्वतःच्या नांवें ठेवावें, हें उत्तम. यांत मुलावर अविश्वास नाहीं. स्वतःच्या घरांत राहणाऱ्या माणसाची मान ताठ राहते, आणि मुलाच्याही मनांत उपकाराची भावना शिरत नाहीं.

कागदपत्रांइकेंच महत्त्व घराच्या रचनेस आहे. वृद्धांचें पडणें बहुधा रस्त्यावर नव्हे, घरांतच होतें. आणि खुब्याचें हाड मोडलें कीं हिंडतेंफिरतें माणूस महिनोन्महिने अंथरुण धरतें. न्हाणीघरांतील गुळगुळीत फरशी खरखरीत करणें, शौचकूपाशेजारीं व नळापाशीं भिंतींत पक्का दांडा बसविणें, बसून स्नान करण्यास चौरंगाऐवजीं उंच खुर्ची ठेवणें, रात्रीं पलंगापासून मोरीपर्यंत मंद दिवा जळत ठेवणें, सुटी पायपुसणीं काढून टाकणें, या सुधारणा गवंडी व वीजतंत्री मिळून दोन-तीन दिवसांत करून देतात. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या इमारतींत राहणाऱ्या जोडप्यानें तळमजल्याची जागा पाहावयाची ती पायांत बळ आहे तेव्हांच पाहावी. जिना उतरवत नाहीं म्हणून देऊळ, बाग, ग्रंथालय व स्नेही हीं सर्व एकदम सुटलेलीं माणसें शरीराआधीं मनानें खचतात.

आतां सर्वांत नाजुक प्रश्न: हें सर्व करावयाचें कोणीं? वर सांगितलेल्या 2007 च्या कायद्यांत अपत्याची व्याख्या मुलगा, मुलगी, नातू व नात अशी आहे. त्या व्याख्येंत सून नाहीं. आणि प्रत्यक्षांत पहांटे उठून सासूबाईंची अंथरुणें बदलणारी, पथ्याचें वेगळें शिजविणारी, गोळ्यांच्या वेळा सांभाळणारी बहुधा तीच असते. कायद्यानें जिच्यावर जबाबदारी टाकली नाहीं तिच्याकडून ती घरानें गृहीत धरावी, हा न्याय नव्हे; विशेषतः तिचे स्वतःचे आईवडील दुसऱ्या गांवीं तितकेच वृद्ध झालेले असतांना. कायद्यानें मुलगा व मुलगी यांत भेद केलेला नाहीं, तो घरांतही राहूं नये. भावंडांनीं बसून लेखी वांटणी करावी: पैसा कोणीं द्यावयाचा, जवळ कोणीं राहावयाचें, डॉक्टरांकडे कोणीं न्यावयाचें, कागदपत्रें कोणीं सांभाळावयाचीं. परदेशांतील भावानें पैसे पाठविले म्हणजे त्याचें कर्तव्य संपलें असें नाहीं. वर्षांतून तीन आठवडे त्यानें स्वतः येऊन राहावें, म्हणजे बाकीचे दिवस करणाऱ्यास विश्रांति मिळेल. शुश्रूषा करणाऱ्यास सुट्टी असलीच पाहिजे. कारण थकलेल्या माणसाची सेवा हळूहळू चिडचिडी होते, आणि तिचे चटके अंथरुणावरील माणसास बसतात.

खर्चाचा अंदाजही आधींच बांधावा. 2024 सालापासून सत्तरीपुढील सर्वांस, उत्पन्नाची अट न ठेवतां, आयुष्मान भारत योजनेंत कुटुंबागणिक वर्षास पांच लक्ष रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा. पण ती सोय रुग्णालयांत दाखल झाल्यानंतरच्या उपचारांची आहे. दिवसपाळीच्या व रात्रपाळीच्या मावशींचा पगार, चाकांची खुर्ची, वर-खालीं होणारा पलंग, घरीं येणाऱ्या व्यायामतज्ज्ञाची फी, हें सर्व आपल्या शिलकेंतूनच भागवावें लागतें, आणि वर्षानुवर्षें चालणारा खर्च तोच. घर मोठें व रोकड तुटपुंजी अशी स्थिति असल्यास त्याचा विचार साठीच्या आंत व्हावा.

वृद्धाश्रमाचें नांव काढतांच पुष्कळांच्या कपाळास आंठ्या पडतात. टाकून देणें आणि निवडून जाणें यांत मात्र महदंतर आहे. साठ-पासष्टीस, पायांत बळ असतांना, पतिपत्नींनीं स्वतः चार ठिकाणें पाहावींत. रात्रीं डॉक्टर मिळतात काय, अंथरुण धरल्यावरही ठेवून घेतात काय, अनामत रक्कम परत मिळण्याचे नियम कोणते, हें विचारावें. तेथील जेवण न कळवितां एकदां जेवून यावें. आपण निवडलेल्या जागेंत माणूस राहतो. दुसऱ्यांनीं नेऊन सोडलेल्या जागेंत तो दिवस काढतो.

शेवटचा प्रश्न शेवटच्या उपचारांचा. बरें होण्याची आशा संपल्यावर यंत्रांच्या साहाय्यानें श्वास चालू ठेवावा किंवा नाहीं, हें आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं मान्य केला. 2023 सालीं त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो लेख साक्षांकित करून घेतां येतो. असा लेख नसला म्हणजे अतिदक्षता विभागाच्या दारांत मुलाला आपल्याच वडिलांविषयीं हो किंवा नाहीं म्हणावें लागतें, आणि कोणतेंही उत्तर दिलें तरी तें त्याला जन्मभर सलत राहतें. हें ओझें मुलावरून उतरविणें हें वडिलांचें अखेरचें वात्सल्य होय.

या सर्वांबरोबर एक साधी वहीही करावी. मोठ्या अक्षरांत औषधें, डॉक्टर, खातीं, विमे, शेजाऱ्यांचे दूरध्वनि लिहावेत. आणि शेवटचीं दोन पानें मोकळीं सोडून तीं वडीलधाऱ्यांना लिहावयास द्यावींत: सकाळचा चहा किती वाजतां व किती साखरेचा, वर्तमानपत्र आधीं कोणाच्या हातीं, संध्याकाळीं दिवा लावल्यावर रेडिओ हवा कीं शांतता. वाचा गेलेल्या किंवा विसर पडलेल्या माणसाचे दिवस कसे जावेत हें त्याच्याच हस्ताक्षरांत लिहिलेलें असलें, तर सांभाळणारें माणूस बदललें तरी त्याचे दिवस त्याचेच राहतील.