अरणगावची तबकडी

नगरहून दौंडकडे निघाले की अरणगाव लागते. तिथल्या मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे आणि ३१ जानेवारीला, अमरतिथीला, तिथे देशोदेशीची माणसे जमतात. एवढे नगरकरांना ठाऊक असते. साठच्या दशकातल्या ब्रिटिश रॉकचा एक दुर्लक्षित कोपरा या टेकडीशी बांधलेला आहे, हे सहसा ठाऊक नसते.

‘द हू’चा पीट टाउनशेंड रसिकांना माहीत असतो. १९७१च्या ‘बाबा ओ’रायली’मधले बाबा म्हणजे मेहेरबाबाच. पण त्याच्यापाशी थांबले की मागची माणसे दिसेनाशी होतात.

बिली निकल्स हा त्यातला एक. ‘रोलिंग स्टोन्स’चा माजी व्यवस्थापक अँड्र्यू ओल्डहॅम याने १९६८मध्ये त्याची ‘वुड यू बिलीव्ह’ ही एलपी काढली, ‘स्मॉल फेसेस’च्या वादकांनी साथ केली. जेमतेम शंभरेक प्रती निघाल्या आणि तबकडी बाजारात आलीच नाही. संग्राहकांनी ती उचलून धरली तेव्हा जवळपास तीस वर्षे उलटली होती.

दुसरा रॉनी लेन, ‘स्मॉल फेसेस’चा बास गिटारवादक. त्याच्या ‘इव्होल्यूशन’ या गाण्यात दगडापासून माणसापर्यंतचा आत्म्याचा प्रवास आहे. कल्पना बाबांच्या ‘गॉड स्पीक्स’ (१९५५) या ग्रंथातली, चाल मात्र पबमध्ये ग्लास हातात घेऊन म्हणावी अशी. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला ते परके वाटत नाही.

रॉक आणि गुरू म्हटले की नशा आलीच, असा समज असतो. इथे उलटे होते. १९२५पासून मौनात असलेल्या बाबांनी एलएसडीला ठाम विरोध केला होता. १९६६ची ‘गॉड इन अ पिल?’ ही पुस्तिका त्याचीच.

बाबांनी १९६९मध्ये देह ठेवला. पुढच्या वर्षी त्यांच्या जन्मदिनासाठी, २५ फेब्रुवारीसाठी, टाउनशेंड आणि मित्रांनी ‘हॅपी बर्थडे’ ही तबकडी अनुयायांपुरती काढली. त्यात बाबांचे आवडते ‘बिगिन द बिगीन’ही होते. सगळीच गाणी थोर नाहीत. काही तर घरगुती भजनासारखी सैल आहेत. पण विकण्यासाठी न केलेल्या गाण्यांचा मोकळेपणा त्यांत आहे, आणि रॉकच्या इतिहासाने ती बाजूला ठेवली याचे एक कारणही मला तेच दिसते. पुढे चोरट्या प्रती फिरू लागल्यावर टाउनशेंडने १९७२मध्ये ‘हू केम फर्स्ट’ ही एलपी रीतसर बाजारात आणली. तिच्यात बाबांच्या प्रार्थनेवरचे ‘परवरदिगार’ आहे, आणि स्वतःच्या नावाच्या एलपीत त्याने लेन व निकल्स यांना एकेक गाणे देऊ केले.

लेन १९९७मध्ये गेला. निकल्सचे ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ लिओ सेयरने १९७८मध्ये गाजवले, २००२मध्ये फिल कॉलिन्सने.