टर्बो कोणता घ्यावा? शिरूर अनंतपाळच्या हवेचे गणित

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ येथे विज्ञान शिकवणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस विकत घेतली आणि तिला मोठा टर्बोचार्जर बसवायचे मनात घेतले. पैसे भरण्याआधी तो सरांकडे गेला. "सर, 200 अश्वशक्ती देणारा टर्बो मिळतोय, घेऊ का?" सरांनी तो प्रश्न आमच्याकडे पाठवला. प्रश्न गॅरेजमधला वाटतो खरा, पण त्याचे उत्तर उष्मागतिकीच्या धड्यात आहे. म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

ही गाडी मराठवाड्याला परकी नाही. स्कोडाचा कारखाना 2001 मध्ये शेंद्रा येथे, तेव्हाच्या औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर), सुरू झाला. ऑक्टाव्हिया तेथेच जोडली जाई. तिचा आरएस हा प्रकार 2004 मध्ये आला. आपल्याकडे टर्बो म्हटले की डिझेल ट्रक किंवा जीप डोळ्यांपुढे येण्याचा तो काळ. अशा वेळी 1.8 लिटरचे पेट्रोल इंजिन टर्बोच्या जोरावर 150 अश्वशक्ती देत होते.

टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन चाके. सायलेन्सरकडे जाणारा तप्त धूर एका चाकाला, म्हणजे टर्बाइनला, फिरवतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे कॉम्प्रेसरचे चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलते. वाया जाणाऱ्या धुरातली ऊर्जा अशी कामाला लावण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. त्याचे पेटंट 1905 चे आहे. या चाकांचा वेग विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. 5 सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला 1,80,000 फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 470 मीटर होतो. आवाजाचा हवेतला वेग साधारण 340 मीटर. पूर्ण जोर देताना गाडीच्या बॉनेटखाली एक चाक ध्वनीच्या वेगाला मागे टाकत असते!

आता इंजिनाला किती हवा लागते ते पाहू. या इंजिनाचे आकारमान 1781 घनसेंटिमीटर. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. म्हणून मिनिटाला 6000 फेऱ्यांना इंजिन मिनिटात 5343 लिटर, म्हणजे सेकंदाला 89 लिटर हवा ओढेल. झडपांमधून हवा पुरती आत येत नाही, म्हणून त्याचे नव्वद टक्के धरू : 80 लिटर.

एका अश्वशक्तीला किती हवा लागते? अश्वशक्ती म्हणजे 735 वॅट. इंजिनाची कार्यक्षमता 27 टक्के धरली तर इंधनाकडून 2720 वॅट यायला हवेत. पेट्रोलच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 44,000 जूल असतात, म्हणजे सेकंदाला 0.062 ग्रॅम पेट्रोल लागेल. पूर्ण जोर देताना पेट्रोलच्या साडेबारा पट हवा घेतली जाते. उत्तर येते सेकंदाला 0.77 ग्रॅम हवा, दर अश्वशक्तीला. शक्ती पेट्रोलातून येते असे आपण म्हणतो, पण जास्त पेट्रोल ओतणे कोणालाही जमते. अडते ते हवेपाशी.

समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअसला हवेची घनता लिटरला 1.225 ग्रॅम असते. 80 लिटरमध्ये 98 ग्रॅम हवा, म्हणजे टर्बोशिवाय 127 अश्वशक्ती. हे उत्तर हवेतले नाही. याच इंजिनाचा टर्बो नसलेला भाऊ युरोपात 125 अश्वशक्तीचा म्हणून विकला जात असे. आता तेच इंजिन शिरूर अनंतपाळला एप्रिलच्या दुपारी चालवू. हा सारा मुलूख बालाघाटच्या पठारावर, सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब 94 किलोपास्कलच्या आसपास असतो आणि दुपारी पारा 40 अंशांवर जातो. घनता भरते 1.05 ग्रॅम. शक्ती 109 अश्वशक्तीवर येते. गाडीत काहीही न बिघडता अठरा घोडे गळाले!

उंचीवर गळालेली शक्ती परत मिळवणे हेच टर्बोचे पहिले मोठे काम होते. अमेरिकेत 1918 मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतील पाइक्स पीक या 14,000 फुटांहून उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीला सुमारे 350 अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथे 230 वर आले होते. टर्बो जोडताच ते पुन्हा 350 च्या पुढे गेले. "विरळ हवेत टर्बोला फरक पडत नाही" हा समज बहुधा अशा हकिगतींतून आला असावा. तो अर्धाच खरा आहे. इंजिनाला फरक पडत नाही, पण टर्बोला पडतो. ते पुढे दिसेलच.

आपल्या विद्यार्थ्याला 200 अश्वशक्ती हवी आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे 155 ग्रॅम हवा, आणि ती 80 लिटरमध्ये कोंबायची. घनता हवी लिटरला 1.93 ग्रॅम. पण हवा दाबली की तापते. सायकलचा पंप दहा-बारा वेळा जोराने मारून तळाशी हात लावला की हे वर्गातही कळते. तापली की फुगते, म्हणून तेवढ्याच घनतेसाठी आणखी दाब द्यावा लागतो, आणि ती आणखी तापते. या दुष्टचक्रातून सोडवायला कॉम्प्रेसर आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात. रेडिएटरसारखेच ते एक जाळीदार खोके असते, फक्त त्यातून पाण्याऐवजी दाबलेली हवा जाते.

कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के, इंटरकूलर तापमानातील वाढीपैकी तीनचतुर्थांश वाढ काढून टाकणारा, आणि फिल्टर व नळ्यांत थोडा दाब वाया जाणारा असे धरून आम्ही दोन ठिकाणचे हिशेब केले. समुद्रकाठच्या 15 अंशांच्या हवेत 200 अश्वशक्तीसाठी कॉम्प्रेसरला हवेचा दाब 1.8 पट करावा लागतो. त्यातून बाहेर पडणारी हवा 90 अंशांची असते आणि इंटरकूलरनंतर 34 अंशांची. शिरूर अनंतपाळला एप्रिलमध्ये दाब 2.1 पट करावा लागतो. हवा 145 अंशांपर्यंत तापते आणि इंटरकूलरमधून निघूनही 66 अंशांवर राहते. शिवाय विरळ हवेचे तेवढेच ग्रॅम मिळवायला कॉम्प्रेसरला जास्त आकारमान गिळावे लागते. नेहमीच्या प्रमाण हवेवर आणून मोजले, तर समुद्रकाठी 154 ग्रॅमचे काम असते, ते येथे 173 ग्रॅमचे होते. इंजिन तेच, शक्ती तीच, पण टर्बोवरचा भार दोन्ही बाजूंनी वाढला.

आता टर्बो निवडण्याचे खरे साधन पाहू. प्रत्येक कॉम्प्रेसरचा निर्मात्याने काढलेला एक आलेख असतो. आडव्या अक्षावर हवेचा ओघ, उभ्या अक्षावर दाबाची पट. मध्ये कार्यक्षमतेच्या रेषा असतात. भूगोलाच्या शिक्षकांना त्या लगेच ओळखू येतील, कारण डोंगराच्या समोच्च रेषांसारख्याच त्या दिसतात. माथ्यावर कार्यक्षमता 75 टक्के किंवा त्याहून थोडी जास्त, उतारावर 60. या डोंगराला डावीकडे एक कडा आहे. तिच्या पलीकडे ओघ इतका कमी असतो की दाबलेली हवा चाकावरून उलटी फिरते, इंजिन धापा टाकू लागते आणि टर्बोच्या बेअरिंगवर घाव बसतात. उजवीकडे चाकाचे तोंडच अपुरे पडते. कितीही वेगाने फिरवले तरी जास्त हवा जात नाही, फक्त तापते.

दुकानदार बहुधा वरचा एकच बिंदू सांगतो : 200 अश्वशक्ती. पण गाडी 6000 फेऱ्यांवर कितीशी चालते? निलंगा किंवा उदगीरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर ओलांडताना इंजिन 2500 फेऱ्यांवर असते आणि जोर तेव्हा हवा असतो. तेथे 1.8 पट दाब मागितला तर त्याच प्रमाण हवेच्या मापाने ओघ भरतो जेमतेम 64 ग्रॅम. म्हणजे आलेखावर दोन खुणा करायच्या : एक 64 ग्रॅम व 1.8 पट, दुसरी 173 ग्रॅम व 2.1 पट. दोन्ही खुणा डोंगराच्या आत पडतील असा कॉम्प्रेसर हवा. फार मोठा घेतला तर पहिली खूण कड्यावरून खाली पडते. लहान घेतला तर दुसरी. गाडीचा मूळचा के-03 टर्बो पहिल्या खुणेला सुखात असतो, दुसऱ्या खुणेपर्यंत त्याची मजलच नाही.

मोठ्या टर्बोची दुसरी अडचण जडत्वाची. सारख्याच घडणीच्या चाकाचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास 15 टक्के वाढवला की जडत्व दुप्पट होते! पाय दाबल्यावर जोर येईपर्यंत जी रिकामी वेळ जाते, ती यामुळे लांबते. बीएमडब्ल्यूच्या 1973 च्या 2002 टर्बोची हीच ख्याती होती : आधी काहीच नाही आणि मग एकदम सगळे. साबने 1978 च्या 99 टर्बोत मुद्दाम लहान टर्बो घेतला आणि जास्तीचा धूर झडपेने बाजूला काढून दिला. रोजच्या वापरासाठी ती वाट शहाणपणाची ठरली. समोरून वाहन येत असताना ओलांडायला घेतलेल्या गाडीचा जोर दोन सेकंद उशिरा येणे म्हणजे काय, हे आमच्या रस्त्यांवर चालवणाऱ्याला सांगायला नको.

आता 66 अंशांच्या हवेकडे परत येऊ. इतकी गरम हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली गेली की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. फार वेळ चालले तर पिस्टन फुटतो. या गाडीत ते ऐकणारा संवेदक आहे. तो आवाज ओळखून ठिणगी उशिरा पाडायला लावतो. इंजिन वाचते, पण शक्ती घटते. म्हणजे हजारो रुपये मोजून घेतलेले घोडे ऐन उन्हाळ्यात तबेल्यातच बसून राहतात. पेट्रोलात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने नॉकिंगला थोडा आळा बसतो, पण 2004 ची इंधनप्रणाली त्यासाठी बनवलेली नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

कारखान्यानेच हे काम कसे केले ते पाहणे बोधप्रद आहे. याच 1.8 लिटर घराण्यातील इंजिन ऑडी टीटीमध्ये 225 अश्वशक्ती देत असे. तेथे मोठा के-04 टर्बो होता. पण त्याच्याबरोबर एकाऐवजी दोन इंटरकूलर होते, इंधन फवारणारे इंजेक्टर मोठे होते आणि इंजिनाचे दाबप्रमाण साडेनऊवरून नऊच्या आसपास उतरवलेले होते. नुसता टर्बो बदलून ती शक्ती मिळाली नव्हती.

म्हणून आम्ही सरांना असे कळवले. मूळ टर्बो राहू द्यावा आणि पहिला खर्च मोठ्या इंटरकूलरवर करावा. इंजिनात जाणारी हवा 66 ऐवजी 52 अंशांची झाली, तर तेवढ्याच दाबाला सुमारे चार टक्के जास्त हवा मिळते आणि नॉकिंग दूर राहते. कारखान्याची फिल्टरची बंद पेटी काढून मोकळा फिल्टर बसवण्याची टूम आहे, ती टाळावी. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतली धूळ कॉम्प्रेसरच्या पात्यांची धार खाऊन टाकते. एवढे करूनही हौस उरलीच, तर के-04 च्या मापाच्या पुढे जाऊ नये, आणि तोही इंजेक्टर व संगणकाच्या जुळणीसकटच घ्यावा. आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निर्णय यांनुसार नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा परिवहन कार्यालयात आधी विचारावे.

सरांचे उत्तर आले. त्यांनी फळ्यावर डोंगर काढला, दोन खुणा केल्या, आणि मुलांना तिसरी खूण स्वतः काढायला सांगितली : तीच गाडी, तीच 200 अश्वशक्ती, पण डिसेंबरमधली पहाट, तापमान 12 अंश. वाचकांनीही ती काढून पाहावी. दाब 94 किलोपास्कलच धरावा.