शिक्षा भोगलेला चालक आणि मालमोटारीचे काम

बीड जिल्ह्याचे अर्थजीवन रस्त्यांवर अवलंबून आहे. परळीला रेल्वे पूर्वीपासून होती. परंतु जिल्ह्याचे मुख्यालय रेल्वेने जोडले जाण्यास 2025 साल उजाडावे लागले. कापूस, ऊस, धान्य, खते यांची ने-आण मुख्यतः मालमोटारीनेच होत आली आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, त्याही मालमोटारी व ट्रॅक्टरमधूनच. त्यामुळे कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलास ड्रायव्हरकी हा जवळचा रोजगार वाटतो, यात नवल नाही.

याच तरुणांपैकी एखादा मारामारीच्या, चोरीच्या किंवा अपघाताच्या खटल्यात शिक्षा भोगून गावी परततो. हाती कसब आहे, घरी खाणारी तोंडे आहेत. पण "केस झालेल्याला लायसन मिळत नाही," असे त्याला सांगण्यात येते. ही समजूत चुकीची आहे आणि तिचे परिणाम गंभीर आहेत. असा माणूस एकतर हात बांधून बसतो, किंवा लायसनशिवाय कोणाची तरी गाडी हाकू लागतो. दुसरा मार्ग त्यास पुन्हा न्यायालयाच्या दारात नेतो.

कायद्याची भूमिका

मोटार वाहन अधिनियम, 1988 अन्वये अनुज्ञप्ती, म्हणजेच लायसन, देताना अर्जदाराचे वय, प्रकृती, दृष्टी व वाहन चालविण्याचे कौशल्य पाहिले जाते. परिवहन वाहनासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि त्यापूर्वी किमान एक वर्ष हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असावी लागते. आठवी उत्तीर्ण असण्याची अट 2019 मध्ये रद्द झाली, ही गोष्ट शाळा अर्धवट सोडलेल्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पूर्वी शिक्षा झालेल्या प्रत्येकास आजन्म अपात्र ठरविणारी तरतूद या अधिनियमात नाही.

अपात्रतेची तरतूद आहे, परंतु ती मर्यादित आहे. कलम 19 अन्वये अनुज्ञापन प्राधिकारी सराईत गुन्हेगार, सराईत मद्यपी, अमली पदार्थांच्या आहारी गेलेला इसम, तसेच ज्याने दखलपात्र गुन्ह्यासाठी मोटार वाहनाचा वापर केला आहे असा चालक, यांस ठरावीक मुदतीसाठी अपात्र ठरवू शकतो किंवा त्यांची अनुज्ञप्ती रद्द करू शकतो. मात्र त्यापूर्वी संबंधितास आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते व कारणे लेखी नोंदवावी लागतात. अशा आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते. न्यायालयही कलम 20 अन्वये अपात्रतेचा आदेश देऊ शकते. म्हणून सुटून आलेल्या चालकाने प्रथम आपल्या निकालपत्राची प्रमाणित प्रत मिळवून असा आदेश त्यात आहे काय, हे पाहावे. आदेश असल्यास मुदत संपेपर्यंत थांबणे भाग आहे. नसल्यास मार्ग मोकळा आहे.

परिवीक्षेवर सोडलेल्यांची स्थिती अधिक सुकर आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 12 नुसार, या कायद्याखाली ज्यास परिवीक्षेवर किंवा समज देऊन सोडले आहे, त्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही.

खरी अडचण : संपलेली मुदत

परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीची मुदत सर्वसाधारणपणे 5 वर्षांची असते. बंदिवासात ती केव्हा संपली, याची पुष्कळदा चालकास वा कुटुंबीयांस दादच नसते. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत नूतनीकरण करता येते. त्यानंतर मात्र वाहन चालविण्याची चाचणी पुन्हा उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणजे हक्क गेलेला नसतो, कसब पुन्हा सिद्ध करावयाचे असते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह बीड किंवा अंबाजोगाई येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाशी संपर्क साधावा. कैदी संचित रजेवर वा अभिवचन रजेवर गावी आला असता घरच्यांनी अनुज्ञप्तीची तारीख पाहून ठेवली, तरी पुढील बरीच धावपळ वाचते.

मालकाची भीती

गाडीमालकांचा संकोच समजण्याजोगा आहे. लाखो रुपयांची गाडी व दुसऱ्याचा माल ते चालकाच्या स्वाधीन करतात. परंतु मालकाचा कायदेशीर धोका कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. अनुज्ञप्ती नसलेल्या इसमास गाडी चालवू दिल्यास मालकास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात घडल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण उद्भवते. याउलट, वैध अनुज्ञप्ती असलेल्या चालकास त्याने पूर्वी शिक्षा भोगली आहे एवढ्यावरून काम देणे हा गुन्हा नव्हे. अनुज्ञप्तीची सत्यता परिवहन विभागाच्या 'सारथी' या संगणकीय प्रणालीवर तपासता येते.

काही कामांत पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागितली जाते. विद्यार्थ्यांची वा प्रवाशांची वाहतूक ही त्यातील ठळक उदाहरणे. अशा ठिकाणी माहिती दडविल्याने नुकसानच होते. शेतमाल, ऊस, बांधकाम साहित्य यांची स्थानिक वाहतूक येथून आरंभ करणे अनेकांस सोयीचे ठरते. एक-दोन हंगाम काम नीट पार पडले, की मालकाचा शब्द हेच प्रमाणपत्र होते.

येथे 'सराईत' या शब्दाविषयी दक्षता हवी. एका शिक्षेने कोणी सराईत ठरत नाही. जन्माने तर नाहीच. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अनेक समाजांवर मारलेला शिक्का 31 ऑगस्ट 1952 रोजी कायद्याने पुसला गेला. लोकांच्या मनातून तो पुरता गेला आहे, असे म्हणता येत नाही.

गावाचे कर्तव्य

पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरावरील अधिकारी येथे पुष्कळ करू शकतात. रहिवासाचा दाखला विनाविलंब मिळवून देणे, अर्ज भरण्यास साहाय्य करणे, ओळखीच्या गाडीमालकाकडे शब्द टाकणे, ही कामे खर्चाची नाहीत. अपील करावयाचे असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पात्र व्यक्तींस विनामूल्य वकील मिळतो. पुनर्वसनासाठी जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन घ्यावे.

बंद्यावर विश्वास टाकण्याचा प्रयोग महाराष्ट्रास नवा नाही. औंध संस्थानात 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली आणि गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारे कैदी तेथे कुंपणाविना शेती करू लागले. त्या काळी एका लहानशा संस्थानास जे जमले, ते आजच्या गावास अवघड वाटू नये. न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून झाल्यावर गावाने दुसरी शिक्षा देऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.