त्रैक्य शास्त्रात आहे का? रमाबाईंचा प्रश्न आणि त्याची उकल

गुरुवार पेठेतले पंचहौद मिशन पुणेकराला आठवते ते चहामुळे. १८९० साली टिळक, रानडे आणि बरीच बडी मंडळी तिथे मिशनऱ्यांचा चहा प्यायली आणि पुढे प्रायश्चित्ताचा वाद चांगलाच पेटला. त्याच आवारात १८८५ सालचे, उंच घंटाघराचे देवालय आहे. त्याचे नाव 'पवित्र नाम देवालय'. नाम, एकवचनी. आपल्याला ज्या प्रश्नाची उकल करायची आहे, तो एका एकवचनापाशीच सुरू होतो.

बाप्तिस्मा देताना पाळक पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तिघांचा उच्चार करतात आणि त्यापुढे शब्द येतो 'नावाने'. 'नावांनी' नव्हे. तिघे, पण नाव एक. हाच त्रैक्याचा सिद्धान्त: देव एकच आहे, त्या एका देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे आहेत, तिघेही अनादि, तिघेही समान, पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, आणि तरीही देव तीन नाहीत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या हे मानतात. पण 'त्रैक्य' हा शब्द पवित्र शास्त्रात कुठेही नाही. मग सिद्धान्त तरी आहे का, की तो मागाहून घातला गेला?

मराठी माणसांत हा प्रश्न सर्वांत नेटाने विचारला तो पंडिता रमाबाईंनी. १८८२ साली पती वारल्यावर त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुण्यात काम करणाऱ्या वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सशी त्यांची ओळख झाली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय घेताना फादर नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणाचा मोठा आधार त्यांना वाटला होता. गोरे हे काशीत शिकलेले चित्पावन पंडित, षड्दर्शनांचे खंडन करणारे. एवढे झाल्यावर बाई स्वस्थ बसतील, असे सिस्टर्सना वाटले असावे. पण १८८५ मध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत असताना रमाबाईंनी पत्रांवर पत्रे लिहिली: ख्रिस्त हा सर्वसमर्थ पित्यासारखाच देव आहे, हे शास्त्रातून दाखवा. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन दुखावल्या, चिडल्या. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी शांतपणे, बरोबरीच्या नात्याने उत्तरे दिली. हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाने छापून आला. वादविवाद कसा करावा हे शिकायला तो आजही उपयोगी आहे.

उकलीच्या आधी दोन गैरसमज बाजूला करू, कारण मराठी वाचकाची गाडी हमखास तिथेच अडते.

पहिला दत्ताचा. तीन शिरे, एक देह: बुधवार पेठेतल्या दत्तमंदिरात रोज जाणाऱ्याला वाटते, आमच्याकडे आहेच की हे. पण ब्रह्मा, विष्णू, महेश यांची कामे वाटलेली आहेत: उत्पत्ती, स्थिती, लय. त्रैक्यात अशी खातेवाटणी नाही. शिवाय शुभवर्तमानांत पुत्र पित्याची प्रार्थना करतो, रात्र रात्र करतो. दत्ताचे एक मुख दुसऱ्या मुखाची करुणा भाकते आहे, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येत नाही.

दुसरा गैरसमज खुद्द ख्रिस्ती घरांतला. संडे स्कूलमध्ये मुलांना सांगतात, पाणी, बर्फ आणि वाफ: वस्तू एक, रूपे तीन. उदाहरण सोपे आहे, पण ते त्रैक्याचे नाही. एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा अशी सोंगे घेतो, हे मत तिसऱ्या शतकात साबेलियसच्या नावावर मांडले गेले आणि चर्चने ते पाखंड ठरवले. गंमत अशी की लॅटिनमध्ये तिघांसाठी जो 'पर्सोना' शब्द रुळला, त्याचा जुना अर्थ नाटकातला मुखवटा असाच होता. मराठीतला 'व्यक्ती' शब्द उलट्या बाजूला ढकलतो: तीन व्यक्ती म्हटले की तीन वेगळी माणसे दिसू लागतात. शब्द कुठलाही घ्या, तो थोडा दगा देतोच.

आता शास्त्राकडे. संबंधित वचनांचे तीन ढीग घालता येतात.

पहिल्या ढिगात देव एकच आहे असे सांगणारी वचने. मुख्य वचन अनुवाद ६:४. पुण्यात कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे १८६७ सालच्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगमध्ये, यहुदी लोक उपासनेत हेच वचन म्हणतात. येशूला सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले तेव्हा त्यानेही मार्क १२:२९ मध्ये तेच म्हटले. या ढिगाबद्दल वाद नाही.

दुसऱ्या ढिगात येशूला देव म्हणणारी किंवा देवाचा मान त्याला देणारी वचने. योहान १:१, योहान २०:२८, जिथे थोमा पुनरुत्थित येशूला प्रभू आणि देव म्हणतो. पण माझ्या मते सर्वांत वजनदार वचने याहून कमी प्रसिद्ध आहेत. यशया ४५:२३ मध्ये देव शपथ वाहून सांगतो की प्रत्येक गुडघा आपल्यापुढे टेकेल. फिलिप्पैकरांस २:१०-११ मध्ये पौल तेच शब्द उचलतो आणि गुडघे टेकवतो येशूच्या नावापुढे. तसेच १ करिंथ ८:६ मध्ये तो अनुवाद ६:४ मधले 'देव' आणि 'प्रभू' हे शब्द घेतो. 'देव' हा शब्द पित्याला देतो आणि 'प्रभू' हा येशूला. पौल कट्टर यहुदी होता. त्याने हे चुकून केले असे म्हणायला जागा नाही, आणि हे येशूनंतर वीस-पंचवीस वर्षांत लिहिले गेले आहे.

तिसऱ्या ढिगात पिता आणि पुत्र वेगळे दाखवणारी, काही ठिकाणी पुत्राला खाली ठेवणारी वचने. योहान १४:२८ मध्ये येशू पित्याला आपल्याहून थोर म्हणतो. मार्क १३:३२ मध्ये शेवटची घटका पुत्रालाही माहीत नाही. १ करिंथ १५:२८ मध्ये शेवटी पुत्रच अधीन होतो. त्रैक्य नाकारणाऱ्यांची सगळी मदार या ढिगावर असते.

त्रैक्याचा सिद्धान्त हा या तीन ढिगांपैकी एकातही नाही, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. तीनही ढीग खरे मानायचे असतील तर काय मानावे लागेल, याचे ते उत्तर आहे. आपल्या मीमांसकांनी याला नाव दिले आहे: अर्थापत्ती. देवदत्त लठ्ठ आहे आणि तो दिवसा जेवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर तो रात्री जेवतो. त्याला रात्री जेवताना कुणी पाहिलेले नाही, पण तसे मानल्याशिवाय दोन्ही विधाने एकत्र नांदत नाहीत. त्रैक्य म्हणजे देवदत्ताचे रात्रीचे जेवण. पुराणे सांगून पोट भरलेल्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीला, म्हणजे रमाबाईंना, अशी युक्ती परकी नव्हती. तिचा आक्षेप असा समजावा: दुसऱ्या ढिगातल्या शब्दांचा अर्थ इतका जड घेतलाच पाहिजे का? देवदत्त खरोखर लठ्ठ आहे का?

म्हणून वचने एकेक करून हातात घ्यावी लागतात. योहानाच्या पहिल्या वाक्यात, 'शब्द देव होता' असे म्हटले आहे तिथे, 'देव' या ग्रीक शब्दाला उपपद नाही. त्यावरून यहोवाचे साक्षीदार तिथे 'एक देव', म्हणजे कुणी दैवी पुरुष, असा अर्थ घेतात. मराठीला हा पेच कळणे अवघड, कारण मराठीत उपपदच नाही. पण त्याच अध्यायात ६, १२, १३ आणि १८ या वचनांतही 'देव' शब्द उपपदाशिवाय आला आहे आणि तिथे अर्थ निःसंशय खरा देवच आहे. म्हणजे निव्वळ व्याकरणावर त्या पक्षाचा दावा टिकत नाही.

दुसरीकडे, त्रैक्यवाद्यांच्या हातातले एक अस्त्र खोटे निघाले आहे. १ योहान ५:७ मध्ये स्वर्गात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा साक्ष देतात व हे तिघे एक आहेत, असे जुन्या इंग्रजी बायबलात सरळ छापलेले असे. सिद्धान्ताची याहून स्वच्छ मांडणी शोधून सापडणार नाही, आणि तीच मुळात नाही. इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ साली ग्रीक नवा करार छापला तेव्हा हे शब्द त्यात नव्हते, कारण त्याला ते एकाही ग्रीक हस्तलिखितात मिळाले नव्हते. ओरड झाली. मग ते शब्द असलेले एक हस्तलिखित पुढे आले, ताज्या शाईचे म्हणावे असे, आणि १५२२ च्या आवृत्तीत त्याने ते घातले. ते हस्तलिखित आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. 'ट्रिनिटी' म्हणजे त्रैक्यच. आयझॅक न्यूटनने या वचनाविरुद्ध सविस्तर निबंध लिहिला, पण हयातीत छापला नाही. १८८१ साली इंग्लंडमध्ये सुधारित नवा करार निघाला, त्यातून हे शब्द काढून टाकले. म्हणजे रमाबाई चेल्टनहॅमला पुरावा मागत होत्या, तेव्हा सर्वांत सोयीचा पुरावा बाद होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती.

'नावाने' या एकवचनाचे काय? मत्तय २८:१९ च्या ग्रीकमध्येही ते एकवचनच आहे. पण त्यावर फार भार टाकू नये. उत्पत्ती ४८:१६ मध्ये याकोब आपल्या पूर्वजांचे, अब्राहाम आणि इसहाक यांचे 'नाव' म्हणतो. हिब्रूत तिथेही एकवचन आहे आणि माणसे मात्र दोन. शिवाय प्रेषितांची कृत्ये २:३८ मध्ये बाप्तिस्मा फक्त येशूच्या नावाने होतो. हे वचन तिघांना एका ओळीत बसवते, एवढे नक्की. ते तिघे एकच तत्त्व आहेत, एवढे त्यातून निघत नाही. देवासाठीचा हिब्रू शब्द 'एलोहीम' अनेकवचनी दिसतो म्हणून त्रैक्य, हा युक्तिवाद तर सोडूनच द्यावा. आपणही वडीलधाऱ्यांना 'ते आले' म्हणतो.

पवित्र आत्म्याचा पुरावा सर्वांत विरळ. प्रेषितांची कृत्ये ५:३-४ मध्ये आत्म्याशी खोटे बोलणे म्हणजे देवाशी खोटे बोलणे ठरते. २ करिंथच्या शेवटच्या आशीर्वादात तिघे बरोबरीने येतात, आणि हाच आशीर्वाद अनेक मराठी मंडळ्यांत उपासना संपताना दिला जातो. बाकी अनुमान. चर्चलाही इथे वेळ लागला. ३२५ साली निकेयाच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टन्टाइनसमोर मुख्य वाद पुत्राचा होता. पुत्र ही देवाची पहिली निर्मिती, असे एरियस म्हणे. परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले, आणि त्यासाठी वापरलेला 'होमोऊसिओस' हा शब्द शास्त्रातला नव्हता, याची कुरकुर तेव्हाही झाली. आत्म्याबद्दल परिषदेच्या मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत निवेदनात, फक्त उल्लेख होता. विस्तार ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेचा मानला जातो.

रमाबाईंना खुपले ते इथे. अँग्लिकन उपासनेत काही सणांना अथनेशियसचा म्हणून एक मतांगिकार म्हणत (अथनेशियसने तो लिहिलेला नाही; तो नंतरचा, लॅटिन आहे). त्रैक्य असेच मानले नाही तर सर्वकाळचा नाश, असे तो बजावतो. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, आता बिशपांचे घेऊ का, असा रमाबाईंचा सवाल होता. अनुमान करण्याचा हक्क कुणाचा, परिषदेचा की वाचणारीचा? सिस्टर जेराल्डिन यांच्या लेखी चर्चचा अर्थ हाच शास्त्राचा अर्थ होता. भांडण वचनांचे दिसते, पण मुळात ते या हक्काचे आहे.

माझा कौल विचाराल तर असा: शास्त्र त्रैक्य सांगत नाही, पण त्याला आधार देते, आणि पौलाची पत्रे पाहता पुत्राबाबत तो आधार समजतो त्याहून भक्कम आहे. तरीही अर्थापत्तीने काढलेल्या निष्कर्षाला नरकाची धमकी जोडू नये. पहिल्या भागात जेराल्डिन यांची बाजू वरचढ, दुसऱ्यात रमाबाईंची.

पुढे १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाईंच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन निघाली, तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे पाळक होते. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे उज्जीवन झाले, ते मात्र पवित्र आत्म्याच्या नावानेच ओळखले जाते. पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातून ते भाषांतर १९२४ साली बाहेर पडले.